वारांची अदलाबदल

सॉफ्टवेअर बसवायला बोलावतात तेव्हा आधी चहा येतो. काढायला बोलावतात तेव्हा खुर्चीसुद्धा आपली आपण ओढून घ्यावी लागते. माझं काम हल्ली जास्त करून दुसऱ्या प्रकारचं असतं.

मी वसई-विरारमधल्या लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळते. शाळा, दवाखाने, गृहनिर्माण संस्था, एखादा बर्फाचा कारखाना. सर्व्हर म्हणजे कधीही बंद न होणारा संगणक. चित्रपटात तो काचेच्या थंडगार खोलीत असतो. आमच्याकडे जिन्याखाली, झाडू आणि फिनेलच्या डब्यांशेजारी असतो. त्यावर लिनक्स चालतं. पडद्यावर चित्रं नाहीत, माऊस नाही, काळ्या पडद्यावर अक्षरं फक्त. मागे उभे राहून बघणाऱ्यांना वाटतं, बाई काहीतरी भयंकर करते आहे. मी बहुतेक वेळा कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे एवढंच बघत असते.

पूर्वी सॉफ्टवेअर मशीनभर पसरायचं. भाड्याच्या घरात संसार पसरतो तसं, एक खिळा इथे, एक मांडणी तिथे. काढताना भिंतीचं पलिस्तर निघायचं. आता सगळं कंटेनरमध्ये येतं. लग्नाच्या हॉलमध्ये केटरर येतो, तो आपला गॅस, आपली पातेली, आपली माणसं घेऊन येतो आणि जेवणावळ उठली की सगळं घेऊन जातो, हॉलला काही होत नाही. कंटेनर तसा. फक्त एक गोष्ट केटररसोबत जात नाही: माहिती. ती वेगळ्या जागी ठेवलेली असते, तिला मी कोठी म्हणते. कंटेनर काढला तरी कोठी जागच्या जागी राहते. ती काढायला वेगळा हुकूम द्यावा लागतो, आणि तो दिला की परतीचा रस्ता नाही. म्हणून माझा नियम: केटरर आज घालवा, कोठीला घाई करू नका.

आणखी एक गंमत असते. बहुतेक कंटेनरना सांगून ठेवलेलं असतं की काही झालं तरी पुन्हा उठायचं. वीज गेली, आली, उठा. कोणी बंद केलं, उठा. फुलपाड्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना हे ठाऊक नव्हतं. सभासदांच्या तक्रारी सगळ्यांना दिसतात म्हणून त्यांना सोसायटीचं सॉफ्टवेअर नकोसं झालं होतं. ते रोज प्लग काढायचे. वॉचमन रोज लावायचा, कारण त्याच प्लगवर त्याचा पंखा होता. सॉफ्टवेअर रोज उठायचं आणि टँकरच्या पाण्याला वास येतो ही पाटणकर वहिनींची तक्रार सर्वांत वर दाखवायचं. सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, हे विरोधी पॅनलचं काम आहे. कोणीतरी आतून चालवतंय." मी एक ओळ लिहून ते उठणं बंद केलं. म्हटलं, "काका, सॉफ्टवेअर गेलं. पाण्याचं तेवढं बघा." त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सांगायला बऱ्या वाटतात. पण यंदा लिहायला बसले तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते डायलिसिस केंद्राचं काम. तेच सांगते.

वसईत एका धर्मादाय ट्रस्टचं हे केंद्र होतं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त यंत्राने गाळून घ्यावं लागतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा दिवस. हे आयुष्यभर. प्रत्येक पेशंटचे वार आणि वेळ ठरलेली. कोणाचे सोमवार-बुधवार-शुक्रवार, कोणाचे मंगळवार-गुरुवार-शनिवार. यंत्रं थोडी, माणसं फार. त्यामुळे ठरलेली जागा हीच पेशंटची खरी इस्टेट. ती गेली की दुसरीकडे मिळेपर्यंत जीव टांगणीला.

केंद्राच्या प्रमुख सिस्टर जसिंता. वसईच्याच, एका वाडीतल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. तिथलं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. पेशंट, वार, औषधं, यंत्रांची देखभाल असं सगळं त्यात. बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "शुभदा, तुझं हे सगळं छान आहे. पण ह्यात आमची अदलाबदल कुठे?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. केंद्रात अर्धे पेशंट ख्रिस्ती, अर्धे हिंदू, थोडे मुसलमान. होळी, नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती आले की ख्रिस्ती पेशंट आपले वार हिंदूंना देत आणि त्यांचे घेत. पवित्र आठवड्यात आणि नाताळात उलट. ईदलाही तसंच. सणाच्या दिवशी यंत्रावर कोणी पडून राहायचं नाही आणि कोणाचं डायलिसिस चुकायचंही नाही, ही त्यांची आपसातली रीत. कोणी काढली, कोणाला ठाऊक नव्हतं. सिस्टर ती तोंडपाठ ठेवायच्या. मी सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक छोटी खिडकी करून दिली. दोन नावं निवडायची, तारखा घालायच्या, झालं. मोठं काम नव्हतं, पण माझ्या हातून झालेल्या कामांत मला तेच सर्वांत आवडतं.

त्या खिडकीत सर्वांत जास्त वेळा येणारी जोडी म्हणजे धर्माकाका आणि परेरा सर. धर्माकाका पाचूबंदरचे कोळी, मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले. होडी आता मुलगा चालवायचा. परेरा सर उमेळ्याचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले. घराभोवती केळीची वाडी, वाडीभोवती बिल्डर. दोघांचे वार वेगळे, त्यामुळे खरं तर त्यांची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण बदलीचं ठरवायला काका सरांच्या वारी येऊन बसायचे आणि दोन वाक्यांचं काम दुपारपर्यंत चालायचं.

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. काका म्हणायचे, "सगला जलम पान्यात गेला, न आता सिस्टर मना वाटीन पानी देते."

"आणि तीही अर्धीच भर, सिस्टर," सर पलंगावरून म्हणायचे. "हा समुद्राचा माणूस. ह्याला सवय वाईट."

"मास्तर, तुमी गप ऱ्हावा. तुमच्या वर्गात नाय मी."

"असतास तर पहिल्या बाकावर बसवला असता. नजरेखाली."

गेल्या वर्षी ट्रस्टला केंद्र चालवणं झेपेना. त्यांनी ते एका कंपनीकडे सोपवलं. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नवी यंत्रं आली, वातानुकूलन आलं, छत गळायचं थांबलं. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, ते त्यांच्या मुख्य कार्यालयातून चालायचं. मला पत्र आलं: जुनं बंद करून काढून टाका.

माहिती त्यांच्याकडे पाठवायचं कामही माझ्याकडेच होतं. नावं गेली, रक्तगट गेले, वार गेले. अदलाबदल जाईना. त्यांच्याकडे ती ठेवायला जागाच नव्हती. कंपनीचा मॅनेजर तरुण, सभ्य मुलगा. मी त्याला सांगितलं, लेखीही दिलं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे मॅडम. पण सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही."

"मग करून घ्या. किंवा गणपती होऊ द्या, मग बदला."

"तारीख वरून आली आहे. मी रिक्वेस्ट टाकतो."

सिस्टर म्हणाल्या, "काय गं, कंपनीला सण नसतात का?"

ठरलेल्या दिवशी मी जिन्याखाली बसून जुने कंटेनर थांबवले, पुन्हा उठू नयेत अशी व्यवस्था केली, मग एकेक काढले. कोठी ठेवली. ट्रस्टची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत ती ठेवायचीच होती. काम स्वच्छ झालं.

गौरी-गणपतीचा आठवडा लगेच आला. काकांच्या घरी गणपती आणि गौर. काका आणि सर यांनी आधीच अख्ख्या आठवड्याची बदली ठरवून ठेवली होती. सोमवारी काका सरांच्या वेळेला आले. नव्या सिस्टिमने सांगितलं, आज यांचा वार नाही, म्हणून साहित्य सुटणार नाही. सिस्टरांनी कंपनीच्या मदत-केंद्राला फोन केला. तिथून सांगितलं, आज तुम्ही करून घ्या, नोंद आम्ही दुरुस्त करतो. सिस्टरांनी आणीबाणीसाठी ठेवलेलं साहित्य काढून काकांना यंत्रावर घेतलं. मंगळवारी सर आले, त्यांचंही तसंच. आठवडाभर दोघांचं डायलिसिस व्यवस्थित झालं. काकांनी गौर व्यवस्थित बोळवली.

नोंद कोणी दुरुस्त केली नाही. सिस्टिमच्या लेखी दोघेही आपापल्या वारी गैरहजर होते. आणि सिस्टिमचा नियम असा की महिन्यात दोन खाडे झाले की जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाते. आपोआप. तसा संदेशही दोघांना गेला होता. काकांचा फोन नातवाकडे असतो, त्याने पाहिला नाही. सरांनी पाहिला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या वारावर आता दुसरा रुग्ण नेमला आहे. सरांनी वाचला आणि त्यांना समाधान वाटलं. नंतर मला म्हणाले, "माझ्या वारावर दुसरा रुग्ण म्हणजे धर्मा, आणखी कोण? मला वाटलं, कंपनी सुधारली. बदली झाली की कळवायला लागली."

इतकी वर्षं वार देत-घेत आलेल्या माणसाला तो संदेश दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचता येणंच शक्य नव्हतं.

पुढच्या सोमवारी सर आले तर त्यांच्या पलंगावर एक रिक्षावाला होता. मंगळवारी काका आले, त्यांच्या पलंगावर एक तरुण बाई, तिचं तान्हं मूल बाहेर आजीच्या मांडीवर. सिस्टरांचा मला फोन आला. "बाकी सगळं सोड आणि इकडे ये."

मी गेले. कोठी जागेवर होती, म्हणून जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उभं करायला वेळ लागला नाही. मॅनेजरला बदल्यांची खिडकी उघडून दाखवली. त्याने खाली वर नीट पाहिलं. चेहरा उतरला त्याचा. "मॅडम, चूक आमच्याकडची आहे, मान्य. पण आता त्या बाईंना उठवू का? त्या खूप महिने यादीत होत्या."

त्यांना कोणी उठवलं नाही. त्याने दिवसभर फोन लावले, आणि त्याला एक जागा मिळाली. याच केंद्रात, मंगळवार-गुरुवार-शनिवार सकाळी. एक पेशंट कायमचा गावी गेला होता. जागा एक. दुसऱ्याला मिळेल तिथे जावं लागणार होतं, आणि मिळत होती ती ठाण्याला, घोडबंदरच्या रस्त्याने.

दोघांना समोर बसवून सिस्टरांनी सांगितलं.

"मास्तर घेतील," काका म्हणाले. "माजे वार ते, पन ऱ्हावदे. मी गेलो तर होडी पोरगा चालवते."

"आणि मी राहिलो तरी केळी शेवटी कोण खाणार? बिल्डर," सर म्हणाले. "तो वाटच बघतोय. जागा धर्माला द्या, सिस्टर."

"मना नको."

"तुला विचारलंय कोणी? शुभदाताई, ह्या माणसाला रिक्षात बसलेला पाहिलाय तुम्ही? पाचूबंदरहून इथवर येताना तोंडाला रुमाल. तुफानात होडीवर जेवणारा माणूस रिक्षात ओकतो. ह्याला घोडबंदरच्या रस्त्याने पाठवायचं? आठवड्यातून तीनदा? पोहोचेपर्यंत गाळायला काही उरायचं नाही ह्याच्यात."

काका हसले. आम्ही सगळेच हसलो. त्या हसण्यात ते ठरून गेलं.

"माझा पुतण्या गाडीने नेईल," सर म्हणाले. "मागच्या सीटवर झोपून जाईन. आणि धर्मा, हे कायमचं नाही. इथे दुसरी जागा झाली की मी परत. तोवर बदली समज."

"समजतो," काका म्हणाले. पण ते सरांकडे बघत नव्हते.

दुसरी जागा झाली नाही. सर ठाण्याला जात राहिले. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. त्यात ट्रेलरच्या रांगेत अडकलेली गाडी. एकदा रस्ता पूर्ण बंद होता, ते पोहोचलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी नेलं. सिस्टर रोज सिस्टिम उघडून पहिल्यांदा रिकामी जागा शोधायच्या. मॅनेजरही शोधायचा, हे मी पाहिलं आहे. बदलीची त्याची रिक्वेस्ट मुख्य कार्यालयात 'विचाराधीन' होती. काका दर गुरुवारी सिस्टरांच्या फोनवरून सरांशी बोलायचे. बोलणं वजनाचं, पाण्याचं, आणि उमेळ्यात आणखी कोणाची वाडी गेली याचं.

नाताळाच्या थोडं आधी सर गेले. ताप आला, ठाण्यात दाखल केलं, हृदयाने साथ सोडली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, आजार जुना होता. असेलही. मी तांत्रिक माणूस आहे. एका घटनेमागे दुसरी आली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली असं मी धरत नाही. पण मग रात्री... नाही, ते राहू दे. मला त्याबद्दल जे वाटतं ते लिहून काही होणार नाही.

जानेवारीत ट्रस्टचं पत्र आलं की कागदपत्रं पूर्ण झाली, आता कोठीही काढा. ते योग्यच होतं. लोकांच्या आजारपणाची माहिती जिन्याखाली पडून राहता कामा नये. मी गुरुवारी सकाळी गेले. सर्व्हर हलवायचा होता म्हणून तो आतल्या खोलीत आणून टेबलावर ठेवला होता. शेजारीच काका यंत्रावर होते. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला.

"काय करतंस, बाय?"

"जुनं राहिलंय ते काढून टाकते, काका."

"आमच्या बदल्या होत्या, त्याच ना?"

"हो."

"न मास्तरांचं नाव?"

"तेही त्यातच आहे."

ते छताकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघायच्यात का? उघडून दाखवते."

"नको. मना वाचाया येत नाय, न तू वाचशील तं मना आयकवनार नाय. काढ."

मी आधी कंटेनर काढले, मग कोठी काढायचा हुकूम दिला. कोठी काढली की मशीन तिचं नाव एकदा पडद्यावर उमटवतं. बाकी काही म्हणत नाही. मग कंटेनरांना जोडणारं नेटवर्क काढलं, फोल्डर काढलं, काही मागे राहिलं नाही ना पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांच्याकडे बघून काका म्हणाले, "सिस्टर, परवा मास्तरांची महिन्याची मिस्सा हाय. मी जानार."

सरांना जाऊन महिना होत होता, त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होती, हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्या त्याचीच वाट शोधत होत्या. शनिवार सकाळ म्हणजे काकांची वेळ. त्यांनी फादरांना विचारून पाहिलं होतं, मिस्सा संध्याकाळी होईल का. पण लग्नांचे दिवस, संध्याकाळ भरलेली. शुक्रवारवाला एक पेशंट बदलायला तयार होता. सिस्टिम तयार नव्हती. मागच्या वेळेसारखं आणीबाणीचं साहित्य काढावं, तर तेही आता मुख्य कार्यालयाच्या परवानगीनेच सुटत होतं.

"काका, शनिवार चुकवलात तर एकदम मंगळवार," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं पोटॅशियम किती चढलंय, बघितलंय मी. सरांना हे आवडलं असतं का?"

"एक खाडा चालते ना? जागा जानार नाय ना?"

"जागा नाही जाणार. जीव जाईल."

"पाच दीस पानी जीब वली करन्यापुरता. मासली, केली काय खानार नाय." मग म्हणाले, "सिस्टर, माजा शनवार मी मास्तरांना दिला, आसा लिव."

सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. "कुठे लिहू, काका?"

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते.

मंगळवारी काका यंत्रावर आले, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे घोर लावून घेतील. पाय दुप्पट झालेले, दोन पावलांवर धाप, पण आले. आजही येतात.

शनिवारी मी चर्चला गेले. काका शेवटच्या बाकावर होते, इस्त्रीचा सदरा, मांडीवर टोपी. लोक उभे राहिले की तेही बाकाला धरून उभे राहत, बसले की बसत. मिस्सा झाल्यावर सगळे कबरीवर गेले, तिथेही गेले. मग अंगणात चहा आणि वेफर वाटले. सरांच्या पत्नीने स्वतः कप आणून त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि न पिता धरून उभे राहिले, निवेपर्यंत.

माझा फोन वाजला. सिस्टर होत्या, ड्यूटीवर.

"तिथेच आहेत ना?"

"इथेच आहेत. ठीक आहेत."

"बरं. शुभदा, हे गैरहजेरीचं कारण निवडल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाहीये. आजारी, परगावी, की इतर?"

"इतर," मी म्हटलं.